मदत हवी आहे: मामांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे आणि आता कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी सुचवलीये (पुणे)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझे मामा बिबवेवाडीला असतात, साठी उलटलीये. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात तो आजार) फार जुना, त्यावरचं मेसालामिन कायम चालू, मधेच भडकला की स्टिरॉइडचा कोर्स आणि मग परत काही महिने शांत. स्वारगेटहून एसटीने कुठे जायचं तर वाटेत कुठल्या स्टँडवर बऱ्यापैकी संडास आहे हे त्यांना पाठ असतं, इतकं ते अंगवळणी पडलंय. दुसरीकडे तंबाखू. चुना मळून दाढेखाली, ते काही सुटलं नाही. गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता तो परत आलाय आणि यावेळी ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणाले.

ऑन्कोलॉजिस्टनी (कॅन्सरच्या डॉक्टरांनी) सुचवलंय ते असं: निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध कमी डोसमध्ये म्हणजे २० मिलीग्रॅम दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून, सोबत रोज एर्लोटिनिब आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट. हे मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या ट्रायलमधून आलंय. १५१ पेशंट होते, नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने जवळपास १६ टक्के लोक हयात होते आणि निवोलुमॅब जोडल्यावर ४३ टक्के. नेहमीचा डोस २४० मिलीग्रॅम दर दोन आठवड्यांनी, तो खर्च आम्हाला झेपणारच नाही, त्यामुळे हा कमी डोसचा पर्याय ऐकून घरात सगळ्यांना जरा हायसं वाटलं होतं.

मग पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले अजिबात नको, आतडं पेटेल. परत ऑन्कोकडे आलो तर ते म्हणाले बघू, झालंच तर स्टिरॉइड देऊ. दोघंही चांगले आहेत हो, पण दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, फाईल काखेत मारून निरोप्याचं काम मी करतोय, आणि माझं शिक्षण बीकॉम.

मला जेवढं समजलंय ते असं की आपल्या टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) आवर घालणारे ब्रेक असतात, पीडी-वन आणि सीटीएलए-फोर, कॅन्सर त्या ब्रेकवर पाय ठेवून बसतो आणि ही औषधं ब्रेक काढून टाकतात. पण आतड्यालाही तेच ब्रेक लागतात कारण तिथे जंतूंचा सगळा बाजार कायम भरलेला असतो. म्हणून ज्यांना आधी काही नव्हतं त्यांनाही यातून कोलायटिस होतो. मग ज्यांना आधीपासूनच आहे त्यांचं काय? तर मूळच्या मोठ्या ट्रायल्समध्ये अशा लोकांना सहसा घेतलेलंच नाही! २०२० साली एक अभ्यास छापून आलाय, आधीपासून आयबीडी (अल्सरेटिव्ह कोलायटिससारखे आतड्याच्या सुजेचे जुनाट आजार) असलेल्या १०२ कॅन्सर पेशंटचा, त्यात ४१ टक्क्यांना पोटाचा त्रास झाला आणि आयबीडी नसलेल्यांमध्ये ११ टक्के. चौघांच्या आतड्याला छिद्र पडलं, पण या त्रासाने कोणी दगावलं नाही. आता हा आकडा बघून घाबरायचं की ५९ टक्क्यांना काहीच झालं नाही म्हणून धीर धरायचा?

तर कोणाच्या घरी असं दुहेरी प्रकरण झालंय का? कमी डोस म्हणजे आतड्यालाही कमी धोका असं धरून चालता येतं का? आणि सुरू करायच्या आधी काय काय करून ठेवावं? कुटजारिष्ट, बेलाचा मुरंबा आणि डाळिंबाची साल सुचवणाऱ्यांना आधीच हात जोडून नमस्कार, मामींनी तिन्ही आणून ठेवलंय.

---

लॅबवाली:
मी डॉक्टर नाही, इम्युनॉलॉजीत काम करते, त्यामुळे औषधाचा सल्ला देणार नाही. पण कमी डोसबद्दल एक सांगते. निवोलुमॅब थोडंसं दिलं तरी टी पेशींवरचे पीडी-वन रिसेप्टर बऱ्यापैकी व्यापले जातात, म्हणून तर २० मिलीग्रॅम कामाला येतं. तेव्हा डोस बाराव्या हिश्श्याचा म्हणजे धोकाही बाराव्या हिश्श्याचा, असा हिशोब मांडू नका. जमेची बाजू ही की पोटाचा त्रास सीटीएलए-फोरवाल्या इपिलिमुमॅबने जास्त होतो आणि पीडी-वनवाल्या औषधांनी बराच कमी. तुमच्या १०२ जणांच्या अभ्यासातही सीटीएलए-फोरवाल्यांना धोका जास्त दिसला होता.

अजून एक. २०२० मध्येच एका गटाने या कोलायटिसमधल्या पेशी एकेक करून तपासल्या, तर आतड्यात कायम मुक्काम ठोकून असलेल्या सीडी-एट (मारेकरी) टी पेशी तिथे चवताळलेल्या सापडल्या. मामांच्या आतड्यात सूज वर्षानुवर्षं येऊन जाऊन आहे, म्हणजे चिडायला तयार असलेल्या पेशी तिथे असणारच. त्यामुळे सुरू करताना कोलायटिस किती शांत आहे हे विचारा, नुसता आहे की नाही एवढंच नको.

---

निवांत:
आमच्या वडिलांना फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅब (हेही पीडी-वनवालंच) होतं, आधी पोटाचं काहीच नव्हतं. दोन-तीन डोस झाल्यावर जुलाब लागले, आम्हाला वाटलं हॉटेलातलं काहीतरी बाधलं असेल, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने लोपरामाइड ही जुलाब थांबवायची गोळी दिली. ऑन्कोच्या नर्सला फोन केला तर ती जवळजवळ ओरडलीच, ती गोळी आधी ठेवा बाजूला आणि इकडे या. संडास थांबतो आणि आतली सूज चालूच राहते म्हणे. शौचाची तपासणी, मग सिग्मॉइडोस्कोपी (नळीने आतड्याचा खालचा भाग बघणं) आणि बायोप्सी, मग प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. ते हळूहळू कमी करत आणायला महिना-दीड महिना जातो, आपल्या मनाने बंद करायचं नाही. वडील त्यातून बरे झाले.

दादा, एक वही करा. मामांना एरवी दिवसाला किती वेळा जावं लागतं ते आत्तापासून रोज लिहा. या त्रासाची ग्रेड रोजच्यापेक्षा किती वेळा जास्त यावर ठरते, चार ते सहा वेळा जास्त म्हणजे दुसरी ग्रेड, सात किंवा त्याहून जास्त म्हणजे तिसरी. तुमच्या मामांचं रोजचंच शून्य नाहीये, मग नंतर कशाच्या तुलनेत मोजणार?

---

पोटार्थी:
गॅस्ट्रोच्या ओपीडीत काम करतो, नाव-गाव विचारू नका. गोळ्यांची यादी वाचून राहवलं नाही. निवोलुमॅबवर सगळ्यांचा डोळा आहे, पण सेलेकॉक्सिब ही शेवटी पेनकिलरच्या कुळातली गोळी आहे आणि त्या कुळातल्या गोळ्यांनी काहींचा कोलायटिस उसळतो. एर्लोटिनिबने तर साध्या माणसालाही जुलाब होतात. म्हणजे उद्या मामांचं पोट बिघडलं तर कारण जुना कोलायटिस, एर्लोटिनिब, सेलेकॉक्सिब, निवोलुमॅब किंवा सी. डिफिसिल या जंतूचं इन्फेक्शन, यातलं काहीही असू शकतं, आणि जुना कोलायटिस की इम्युनोथेरपीचा हे बायोप्सीतही दरवेळी वेगळं काढता येत नाही. ऑन्कोंना सरळ विचारा, सेलेकॉक्सिब यांच्यासाठी ठेवायचीच का. मनाने मात्र काही वगळू नका.

आधी करून ठेवायचं म्हणाल तर शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारी तपासणी) आणि पोटाचे डॉक्टर म्हणाले तर एक स्कोपी, म्हणजे आजची स्थिती कागदावर येईल. दुसरं म्हणजे टीबीची इग्रा ही रक्ताची टेस्ट, छातीचा एक्सरे आणि हिपॅटायटिस बी. स्टिरॉइडने भागलं नाही तर पुढे इन्फ्लिक्सिमॅब किंवा व्हेडोलिझुमॅब लागतं, ही दोन्ही आयबीडीचीच औषधं. इन्फ्लिक्सिमॅबने दबलेला टीबी उठू शकतो आणि आपल्याकडे दबलेला टीबी किती जणांत असतो ते सांगायला नको. ऐन जुलाबात, स्टिरॉइड चालू असताना इग्रा केली तर रिपोर्ट धड पॉझिटिव्ह ना निगेटिव्ह असा येण्याची शक्यता वाढते, म्हणून आत्ताच. व्हेडोलिझुमॅबचा परिणाम मुख्यत्वे आतड्यापुरता राहतो त्यामुळे कॅन्सरवाल्यांना ते बरं वाटतं, पण किंमत आधी विचारून ठेवा.

---

कर्वेरोड_काकू:
अरे बाळा, निरोप्या बनू नकोस. दोघा डॉक्टरांना म्हण, मोबाईलवर पाच मिनिटं एकमेकांशी बोला, मी समोर बसतो. आमच्या यांच्या वेळी मी केबिनमधून हललेच नाही, शेवटी लावला फोन. आणि मामांना विचारलंस का त्यांना काय हवंय? अख्ख्या धाग्यात ते कुठे बोललेलेच नाहीत.

---

धागाकर्ता:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. वही आजपासून सुरू, मामी लिहिणारेत. सेलेकॉक्सिबचा प्रश्न चिठ्ठीवर सगळ्यात वर घातलाय.

काकू, विचारलं. मामा म्हणाले, "संडासाला आयुष्यभर पुरून उरलोय, त्याचं भ्या नाही मला, पण घास गिळता आला पाहिजे." म्हणजे त्यांचा कल घेण्याकडेच आहे. आता पोटाच्या डॉक्टरांना घ्यायचं की नाही हे न विचारता घेतलं तर तुम्ही लक्ष कसं ठेवाल असं विचारणार आहे, आणि फोन तिथेच लावायला सांगणार.

@पोटार्थी, एकच राहिलं. मामांना मागच्या वेळी भडकलं तेव्हाचं स्टिरॉइड अजून थोडं चालू आहे, कमी करत आणतायत. मग इग्रा आत्ता करावी की ते पूर्ण थांबल्यावर? आणि त्या स्टिरॉइडमुळे निवोलुमॅबचा उपयोग कमी होतो का, हे कोणाला विचारायचं, ऑन्कोला की पोटवाल्यांना?