डोक्यातील उवा: घरीच काढाव्यात की तज्ज्ञांकडून काढून घ्याव्यात? आपापले अनुभव लिहावेत

रानजाई:
काल भाचीच्या शाळेतून 'वर्गात उवा आढळल्या आहेत, कृपया मुलांची डोकी तपासावीत' अशी सूचना आली. बहिणीने मला लगेच विचारले की, हे घरीच निस्तरावे की पैसे मोजून उवा काढून देणाऱ्या केंद्रात जावे. माझी मुलगी लहान असताना आम्ही दोन्ही वाटांनी जाऊन आलो असल्याने ते सगळे दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले.
आम्ही प्रथम औषधाच्या दुकानातून एक टक्का परमेथ्रिनचे लोशन आणले. धुतलेल्या ओलसर केसांना ते लावून दहा मिनिटांनी धुवायचे असते आणि या औषधाने सर्व लिखा मरत नसल्यामुळे साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावायचे असते. लिखांमधून पिल्ले बाहेर पडायला सात ते दहा दिवस लागतात. ती मोठी होऊन अंडी घालू लागण्यापूर्वी त्यांना गाठणे हा त्या दुसऱ्या खेपेचा हेतू. आम्ही दोन्ही खेपा व्यवस्थित केल्या, तरी फणीत जिवंत उवा येतच राहिल्या. अनेक ठिकाणच्या उवांवर हे औषध आता पूर्वीसारखे चालत नाही, हे नंतर डॉक्टरांकडून कळले.
मग केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी मुलीला प्रखर दिव्याखाली बसवले, केसांना भरपूर कंडिशनर चोपडले, चिमट्यांनी बोटाएवढ्या रुंदीच्या बटा वेगळ्या केल्या आणि प्रत्येक बट टाळूपासून टोकापर्यंत विंचरून फणी दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसली. कागदावरच्या फेसात एक करडा ठिपका पाय हलवत होता. औषधाचा थेंबही त्यांनी वापरला नाही. आम्ही पैसे मोजले ते त्यांच्या डोळ्यांचे आणि चिकाटीचे, असे माझे मत झाले. आपण काय केलेत?

उंबरठा:
शीर्षक वाचताच डोके खाजू लागले, त्याबद्दल आपले आभार. त्यावरूनच सांगते की खाज ही उवेच्या लाळेच्या ॲलर्जीमुळे सुटते आणि पहिल्यांदाच उवा झाल्या असतील, तर ती सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे मूल डोके खाजवू लागते तोवर पाहुण्यांचे बस्तान बसलेले असते. उवा गेल्यावरही खाज काही काळ टिकते. आमच्या सासूबाई एवढ्यावरून तिसऱ्यांदा औषध लावायला निघाल्या होत्या, त्यांना आवरावे लागले. फणीत जिवंत ऊ दिसल्याशिवाय पुन्हा औषध लावू नये. आम्ही सर्व काही घरीच केले.

कोरा कागद:
आम्ही मुलाचे केस पूर्ण काढले आणि विषय संपवला. मुलीच्या बाबतीत हा प्रस्ताव मांडण्याची हिंमत घरात कोणालाही झाली नाही.

पाणपोई:
आम्ही गरम हवेच्या यंत्राचा उपचार घेतला. नियंत्रित तापमानाची हवा टाळूच्या एकेका भागावर सोडून उवा आणि लिखा सुकवून मारतात. सुमारे अर्धा तास लागतो. 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात २००६ साली अशा यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात सुमारे ९८ टक्के लिखा मेल्याचे, मात्र बाहेर आलेल्या उवांपैकी सुमारे ८० टक्केच मेल्याचे नोंदवले होते. म्हणून यंत्रानंतरही विंचरणे चुकत नाही, हे पैसे देण्यापूर्वीच समजून घ्यावे. आणि कृपया घरच्या हेअर ड्रायरने हा प्रयोग करू नये; टाळू भाजते. मॅलॅथिऑन या उवांच्या औषधाचे लोशन लावलेले असेल तर ड्रायर जवळही आणू नये, कारण ते ज्वलनशील असते.

मधली सुट्टी:
मी शाळेत परिचारिका म्हणून काम करते, त्यामुळे माझा अनुभव एका डोक्याचा नसून अनेक डोक्यांचा आहे. 'उवा झाल्या' म्हणून घाबरून आणलेल्या मुलांपैकी कित्येकांच्या केसांत कोंडा किंवा वाळलेला हेअर स्प्रे असतो. नखाने सहज सरकला तो कोंडा. केसाला एका बाजूने घट्ट चिकटून राहिली ती लीख. लीख टाळूपासून सहा मिलिमीटरपेक्षा दूर असेल, तर ती बहुधा रिकामी किंवा मेलेली असते, कारण अंडी टाळूच्या अगदी जवळ घातली जातात आणि केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. काही केंद्रे अशा जुन्या रिकाम्या लिखा दाखवून संपूर्ण कुटुंबाचे उपचार गळ्यात मारतात, याचा मला मनस्वी राग येतो. आधी जिवंत ऊ दाखवा, असे स्पष्ट म्हणावे. उवा रोग पसरवत नाहीत, त्या उडत नाहीत की उड्या मारत नाहीत, आणि अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या मते त्यासाठी निरोगी मुलाची शाळा बुडवू नये.

तिन्हीसांजा:
ताई, फणी प्लॅस्टिकची घ्यावी की धातूची? औषधासोबत आलेली फणी दोनदा विंचरताच वाकली.

मधली सुट्टी:
धातूची, लांब आणि जवळजवळ बसवलेल्या दातांची घ्यावी. औषध न लावता नुसते विंचरायचे असेल, तर ओल्या केसांना कंडिशनर लावून दर तीन-चार दिवसांनी किमान दोन आठवडे विंचरावे आणि नंतरही एकदा तपासावे. ज्या घरात तेवढी सवड किंवा नजर नाही, त्या घराने केंद्राचा विचार जरूर करावा; त्यात कमीपणा नाही.

जुनी पाटी:
आमच्या लहानपणी रॉकेल लावत असत. ते ऐकून कोणी आजही तो उपाय करू नये, म्हणून आवर्जून लिहीत आहे: रॉकेल पेट घेते, त्वचा जाळते आणि पोटात किंवा फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. लिंडेन हे उवांचे जुने औषधही मज्जासंस्थेला घातक असल्याने मुलांसाठी टाळतात. मूल दोन महिन्यांहून लहान असेल, टाळूवर पू झाला असेल, घरात कोणी गरोदर असेल, किंवा औषधाच्या दोन्ही खेपा नीट देऊनही उवा जिवंत असतील, तर केंद्रापेक्षा डॉक्टर गाठावा. आमच्या डॉक्टरांनी डायमेथिकोन सुचवले होते, जे विष नसून उवेला लेप देऊन मारते. याशिवाय आयव्हरमेक्टिनचे ०.५ टक्के लोशन आणि स्पिनोसॅड असे पर्यायही आहेत.

रानजाई:
सर्वांचे आभार. बहिणीने धातूची फणी आणि कंडिशनर आणून घरीच सुरुवात केली आहे. दोन आठवड्यांत जमले नाही, तर केंद्रात जाणार आहे. ती घरातील सर्व गाद्या उन्हात घालायला निघाली होती, ते मात्र मी थांबवले. डोक्यावरून पडलेली ऊ दोन दिवसांहून अधिक जगत नाही, त्यामुळे गेल्या दोन दिवसांतील उश्यांचे अभ्रे, टॉवेल आणि टोप्या गरम पाण्यात धुतल्या की पुरे.

उंबरठा:
घरातील इतरांची डोकीही त्याच दिवशी तपासायला सांगा. आमच्याकडे हे टक्कल पडल्यामुळे आपण सुटलो म्हणून मिरवत होते, तेव्हा मी त्यांच्या कानामागे आणि मानेवर उरलेले केस विंचरून पाहिले. उवांच्या आवडीची जागा नेमकी तीच असते.