मदत हवी आहे : नेपल्सच्या ‘एस्पोझितो’ घराण्याचा मूळपुरुष कसा शोधावा?

नमस्कार. आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत लेकींच्या सासरची माहितीही द्यायची, असे आम्ही ठरवले आहे. माझे जावई ब्वेनोस आयरेसचे असून त्यांचे आडनाव एस्पोझितो आहे. त्यांचे खापरपणजोबा नेपल्सहून तिकडे गेले. आडनाव एक म्हणजे कूळ एक असावे, अशा समजुतीने मी सुरुवात केली आणि तिथेच चुकलो.

हे आडनाव लॅटिनमधील ‘एक्स्पोझितुस’ म्हणजे ‘बाहेर ठेवलेला’ या शब्दापासून आले आहे. नेपल्समधील सांतिस्सिमा अनुन्झियाता या संस्थेच्या भिंतीत एक फिरते लाकडी चक्र होते. ज्यांना मूल वाढवणे अशक्य होई, ते त्यात तान्हे बाळ ठेवून चक्र फिरवीत आणि बाळ आतल्या लोकांच्या हाती जाई. १८७५ साली ते चक्र बंद झाले. अशा असंख्य मुलांना हेच आडनाव मिळाल्यामुळे काम्पानिया प्रांतात ते आज सर्वाधिक आढळते, पण शेजारी राहणाऱ्या दोन एस्पोझितो कुटुंबांत रक्ताचे नाते असेलच असे नाही. फ्लॉरेन्समध्ये १४४५ पासून मुले स्वीकारणाऱ्या इनोचेंती अनाथालयामुळे ‘इनोचेंती’, मिलानच्या रुग्णालयाच्या कबुतराच्या चिन्हावरून ‘कोलोंबो’ आणि रोममध्ये ‘प्रोयेत्ती’ ही आडनावे अशीच रूढ झाली.

इटलीच्या शासकीय अभिलेखागारांच्या ‘आंतेनाती’ या विनामूल्य संकेतस्थळावर खापरपणजोबांची १८५९ सालची जन्मनोंद मिळाली. तीत वडिलांचे आडनावही एस्पोझितो असल्यामुळे चक्रात ठेवलेले बाळ त्यांच्या आधीच्या एखाद्या पिढीतले असणार, हे उघड आहे. नेपल्सच्या राज्यात नागरी नोंदणी १८०९ पासून सुरू झाली, त्यामुळे त्यापूर्वीचा शोध चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींतच घ्यावा लागेल.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. १८६५ पर्यंतच्या विवाहांसोबत ‘प्रोचेसेत्ती’ नावाची कागदपत्रे जोडलेली असत. त्यांत वधूवरांचे जन्मदाखले, आणि वडील हयात नसल्यास आजोबांचा मृत्युदाखलाही असे, म्हणजे एका पुडक्यात तीन पिढ्या सापडू शकतात. खापरपणजोबांच्या आईवडिलांच्या विवाहाचे असे पुडके शोधताना आधी नगराचा विभाग निश्चित करावा, की वर्षवार नामसूची पाहावी? तसेच एकोणिसाव्या शतकातील इटालियन हस्ताक्षर आणि त्यातील संक्षेप वाचता येणारे कोणी मराठी भाषक परिचयाचे असल्यास कृपया कळवावे.

माझे व्याही आता ८२ वर्षांचे आहेत. चक्रातून आत घेतलेल्या त्या बाळाला बाप्तिस्म्याच्या वेळी कोणते नाव दिले, एवढे तरी त्यांना वाचून दाखवावे, अशी माझी फार इच्छा आहे.