डॅनिशमधले यो, डा, वेल, नॉक कधी वापरायचे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही सध्या डेन्मार्कात, ओरहूसला असतो. ऑफिस सुटल्यावर मी भाषाशाळेत डॅनिश शिकतेय. वर्गात सगळं इंग्रजीच्या आधाराने समजावतात आणि माझं घोडं तिथेच अडतं.

काही गोष्टी इंग्रजी बाजूला ठेवली की लगेच कळतात. 'लार्स सिन सायकल घेतो' म्हणजे स्वतःची; 'लार्स हान्स सायकल घेतो' म्हणजे दुसऱ्याच कुणाची तरी ('हान्स' हे इथे नाव नाही, 'त्याची' असा शब्द आहे). इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे वर्गातली इंग्लंड-अमेरिकेची मंडळी गोंधळतात. आपल्याकडे 'आपली सायकल' आणि 'त्याची सायकल' हा फरक आहेच. आपला-आपली-आपले बदलतं तसं पुढच्या नामाप्रमाणे सिन-सित-सिने बदलतं. हे बरोबर ना?

खरी अडचण बारक्या अव्ययांची आहे. शुक्रवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांसाठी पाव, लोणी, चीज मांडलेलं असतं. शेजारची सहकारी म्हणते, "डे एर यो फ्रेडा!" इंग्रजी भाषांतरात तो 'यो' गळूनच जातो. मला तर 'शुक्रवार ना आज!' असं ऐकू येतं. मग 'डा' कुठे येतो? 'वेल' आणि 'नॉक' दोन्ही अंदाजाचेच वाटतात, त्यांत फरक काय?

प्रतिसाद 1

'यो'चं बरोबर पकडलंत. समोरच्यालाही ठाऊक असलेल्या गोष्टीलाच तो लावायचा. अगदी नवी बातमी देताना लावलात तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल.

'डा' म्हणजे आपला ठसक्यातला 'की'. "डे वे याय डा गॉट" = "माहीत आहे की मला!" समोरच्याचं म्हणणं खोडताना किंवा आश्चर्य वाटलं की हमखास येतो.

'नॉक'मध्ये बोलणाऱ्याचा स्वतःचा अंदाज असतो: "हान कोमर नॉक", येईल बहुतेक तो. 'वेल' समोरच्याकडून दुजोरा मागतो: "डू कोमर वेल?", येणार ना तू? एक सांभाळा, 'नॉक'वर जोर दिलात तर अर्थ 'पुरेसं' असा होतो.

प्रतिसाद 2

ताई, 'सिन' फक्त तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याला चालतो. मराठीत 'मी आपली सायकल घेतली' म्हणता येतं, डॅनिशमध्ये तिथे 'मिन'च हवा. 'ते' अनेकवचनी असेल तर 'डेरेस'. 'लार्स आणि त्याची बायको आले' यात मात्र मराठीसारखंच 'हान्स', कारण बायकोही कर्त्यातच आली.

जागेचंही लक्षात ठेवा. ही अव्ययं साध्या वाक्यात क्रियापदानंतर, पण 'इगे'च्या म्हणजे नकाराच्या आधी बसतात. 'की तो येत नाही' अशा गौण वाक्यात ती आणि 'इगे' दोन्ही क्रियापदाच्या आधी सरकतात. परीक्षेत यावर हटकून मार्क जातात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! 'डा' म्हणजे 'की' हे आता डोक्यात पक्कं बसलं. अजून एक विचारते. काल मला खोकला येत होता तर सहकारी म्हणाली, "डू एर डा वेल इगे सू?" 'डा' आणि 'वेल' एकत्र! 'आजारीबिजारी नाहीस ना तू?' असंच ना हे? की त्यात आणखी काही आहे?