‘मोठं घर’ ग्रुप: सोनूचा शून्य मार्क

बेबीआत्या: जय ख्रिस्त सर्वांना. सोनूला रविवारच्या शाळेच्या परीक्षेत पाचपैकी शून्य. प्रश्न होता, देवाने जग कधी निर्माण केले? पोरानं ४५४ कोटी वर्षांपूर्वी लिहिलं. शाळेत तेच शिकवतात ना? तेव्हापासून जेवला नाहीये.

अण्णा (नगर): जय ख्रिस्त. शून्य बरोबरच दिलाय. २३ ऑक्टोबर, इ.स.पू. ४००४. बाबांच्या बायबलात समासात छापलंय.

विकी: अण्णा, समासातच. वचनात नाही. आयर्लंडचे आर्चबिशप अशर, त्यांनी १६५० मध्ये वंशावळ्यांतली वयं जोडून ते साल काढलं. १७०१ पासून इंग्रजी बायबलांच्या समासात छापायला लागले आणि लोकांना वाटलं मोशेनंच लिहिलंय.

बेबीआत्या: बाबांचं बायबल म्हणजे मला द्यायचं ठरलेलं तेच ना?

शैलामामी: रविवारी जेवायला किती जण ते आजच सांगा. मटणवाला आधी सांगितलं तरच देतो.

अण्णा (नगर): विषय भरकटवू नये. ४००४.

विकी: उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या वचनात दिवसच नाही हो. ‘प्रारंभी’ एवढंच. ‘पहिला दिवस’ येतो पाचव्या वचनात. मध्ये पृथ्वी आकारविरहित, शून्य, सगळा अंधार. तो किती काळ, कुठे लिहिलंय? स्कॉटलंडचे पाळक चाल्मर्स १८१४ पासून हेच सांगत होते, मध्ये कितीही युगं बसतात म्हणून. आणि रशी, अकराव्या शतकातले ज्यू पंडित, ते तर पहिलं वचन ‘देव निर्माण करू लागला तेव्हा’ असंच वाचतात.

शैलामामी: शून्य तर सोनूला पण मिळालाय 😂

सोनूची आई: मामी प्लीज.

अण्णा (नगर): निर्गम २०:११ वाच. सहा दिवसांत केलं, सातव्या दिवशी विसावा. म्हणून आपण शब्बाथ पाळतो. युगं असती तर आठवड्याला सुट्टी कशाला मिळाली असती?

विकी: हा मुद्दा मात्र जड आहे, मान्य. पण सूर्य चौथ्या दिवशी. मग आधीच्या तीन संध्याकाळी कसल्या? संत ऑगस्टीननाही हे दिवस कसले ते उमगणं अवघड वाटलं होतं, दुर्बिणी यायच्या हजारेक वर्षं आधी. आणि उत्पत्ती २:४ मध्ये हिब्रूत अख्ख्या निर्मितीला मिळून एकच ‘योम’, म्हणजे दिवस, आहे.

अण्णा (नगर): पुण्यात राहून हिब्रू पण यायला लागली. छान. ४००४.

शैलामामी: सोनूनं ‘प्रारंभी’ लिहिलं असतं तर पाचपैकी पाच द्यावे लागले असते बाईंना.

बेबीआत्या: अण्णा, माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही आलं.

अण्णा (नगर): बायबल माझ्याकडे सुरक्षित आहे. तुझ्याकडे वाळवी लागली असती. हा घ्या पुरावा. 📷

सोनूची आई: अण्णा, ४००४ च्या शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय का?

अण्णा (नगर): मुंगी आहे.

विकी: 😂😂

अण्णा (नगर): पानात मुंगी चिरडली असेल. जुनं बायबल आहे.

बेबीआत्या: बाबांच्या कानावर कायम पेन्सिल असायची. अण्णा, फोटो परत काढ. जवळून.

शैलामामी: चौदा जण धरू का?