ओव्हर म्हणजे वर, पण कुठलं वर?

इंग्रजी शिकवताना 'ओव्हर' म्हणजे 'वर', एवढं मुलांना सांगितलं की पुरे, असं काही जण म्हणतात; या मताशी मी अर्धाच सहमत आहे. तसे दोन्ही शब्द लांबचे भाऊबंद. संस्कृत 'उपरि'मधून आपलं 'वर' आलं आणि 'ओव्हर'ही त्याच घराण्यातला. म्हणून पुष्कळदा जमून जातं: 'ओव्हर द फोन' म्हणजे फोनवर, 'ओव्हर थ्री किलोमीटर्स' म्हणजे तीन किलोमीटरच्या वर.

अडतं ते 'अबव्ह' हा 'वर'साठीचा दुसरा इंग्रजी शब्द मध्ये आला की. नागपूरच्या पोरांना यासाठी वर्धा रोड दाखवावा. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, आणि सगळा भार खांबांच्या एकाच रांगेवर. मेट्रो उड्डाणपुलाहून उंच पातळीवर आहे एवढंच म्हणायचं तर 'अबव्ह' छान बसतं. पण तिथल्याच अजनी स्टेशनला रूळ ओलांडून पलीकडे जायचं असेल तर 'ओव्हर'च हवं. भिंतीवरून उडी मारली तरी तेच. अंगावर पांघरूण घेतलं, तिथेही 'ओव्हर', कारण झाकणं आलं.

खरी मजा पुढे आहे. 'वी टॉक्ड ओव्हर तर्री पोहे' याचा अर्थ पोह्यांच्या वर बसून बोललो असा नाही बाप्पा, पोहे खाता खाता बोललो! आणि 'दे फॉट ओव्हर मनी' म्हणजे पैशांवरून भांडले. 'भिंतीवरून' आणि 'पैशांवरून' ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, मग व्याकरणाची परिभाषा नंतर आली तरी चालेल.