अक्षरांच्या कडा दातेरी का येतात

लातूरच्या एका दादांनी विचारलंय, सीएनसी मशीनवर (संगणकाच्या हुकमाने कोरणारं यंत्र) सागवानी पाटीवर पिंडी आणि 'औंढा नागनाथ' ही अक्षरं कोरताना कडा दातेरी का येतात. दोष कटरचा (कोरणाऱ्या पात्याचा) नाही, चित्राचा आहे. मशीन चित्रातल्या करड्या छटांवरूनच कुठे किती खोल कोरायचं ते ठरवतं. जेपीजी प्रकारचं चित्र अजिबात नको. ते काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर बारीक करडे ठिपके सोडतं आणि मशीन त्यांनाही उंचवटे समजतं. बारकावे न गमावता साठवलेलं पीएनजी चित्र घ्या, तेही १६ बिटचं, म्हणजे कितीतरी जास्त छटांचं. ८ बिटमध्ये छटा २५६च, म्हणजे १० मिमी खोलीला पायरी साधारण ०.०४ मिमीची; मंद उतारावर तिरप्या उजेडात ती दिसतेच. जुनं चित्र आधी १६ बिट करा, मगच हलका ब्लर द्या, म्हणजे शेजारच्या छटा एकमेकींत मिसळून पायऱ्या पुसट करा. ब्लरने अक्षरं मात्र ढिसाळ होतात. म्हणून पिंडीची गोलाई करड्या चित्रातून घ्या, अक्षरं वेक्टरमधून, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी आखलेल्या आकृतीतून. अनुस्वाराचं टिंबसुद्धा उभ्या कडेचं, नेमकं निघतं.