'वेक ऑन लॅन'मधल्या 'वेक'ला काय म्हणावे?

प्रश्न : कमी विजेवर चालणाऱ्या इथरनेट (तारेने जोडलेले नेटवर्क) उपकरणाची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. उपकरण झोपलेले असताना नेटवर्कवरून त्याला उठवण्याच्या सोयीला, म्हणजे 'वेक ऑन लॅन'ला, मी 'दूरस्थ जागरण' असे लिहिले. बरोबर आहे का?

प्रतिसाद : नाही हो. जागरण म्हणजे न झोपणे. खंडोबाचे जागरण रात्रभर चालते, त्यात कोणी कोणाला उठवत नाही. 'जागवणे'ही निसटते, कारण आपण 'रात्र जागवली' असे म्हणतो. झोपलेल्याला आपण उठवतो किंवा जागे करतो. 'दुरून जागे करणे' असे सरळ लिहा. लांब वाटले तरी अर्थ चुकत नाही.

दुसरा प्रतिसाद : शब्द ठरवण्याआधी आत काय घडते ते पाहू. प्रोसेसर झोपतो, पण नेटवर्कची चिप थोड्याशा विजेवर जागी राहते आणि वीज वाचवायला बरेचदा तारेवरचा वेग १० मेगाबिटवर उतरवते. रात्री शेताची जागल करणारा असतो ना, तशीच ती. तिला 'जागल्या' म्हणावेसे फार वाटते, पण हल्ली गैरप्रकार उघड करणाऱ्यालाही जागल्याच म्हणतात, म्हणून पुस्तिकेत नको.

हा जागता भाग एकच गोष्ट शोधत असतो. ए.एम.डी. या चिप बनवणाऱ्या कंपनीने १९९५ मध्ये मांडलेल्या 'मॅजिक पॅकेट'मध्ये (पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा गठ्ठा) आधी एफएफ हा बाइट ६ वेळा येतो आणि मग त्या उपकरणाचा ६ बाइटांचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचे त्याचे नावच, सलग १६ वेळा. एकूण १०२ बाइट. पॅकेट बहुधा सगळ्यांना ऐकू जाईल असेच सोडतात, कारण झोपलेले यंत्र आपला पत्ता विचारणाऱ्याला उत्तर देत नाही. ज्याचे नाव, तोच उठतो. याला मराठीत नेमका शब्द आहे : हाक. 'जादुई पाकीट' कृपया लिहू नका, पाकीट खिशात असते.

प्रश्नकर्ती : 'हाक' आवडला! पण आमच्या उपकरणात गाड्यांमधले, तारांच्या एकाच जोडीवर चालणारे इथरनेटही आहे. तिथे झोपलेली चिप पॅकेट वाचतच नाही. तारेवर ठरावीक संकेत आला की ती वीजपुरवठा चालू करायला सांगते. तिथे 'चाहूल' चालेल?

दुसरा प्रतिसाद : चाहूल नकळत लागते, कोणी मुद्दाम देत नाही. तारेवर नुसती हालचाल जाणवून चिप उठत असेल तर 'चाहूल' अगदी चपखल. तुमच्याकडे संकेत आधीच ठरलेला आहे, म्हणून 'खूण' म्हणा. तारेच्या दोन टोकांना दोघेच असतील, तर नाव घ्यायची गरजच नाही.

पहिला प्रतिसाद : आणि 'निद्रावस्था'ऐवजी 'सावध झोप' लिहा. श्वाननिद्रा म्हणतात तीच ही.

प्रश्नकर्ती : वाक्य आता असे केले : 'सावध झोपेतले उपकरण नेटवर्कवरून आलेल्या हाकेने किंवा तारेवरच्या खुणेने जागे होते.' आईला वाचून दाखवले, तिने एकही शब्द विचारला नाही.